गाळलं म्हणजे निर्जंतुक झालं का?

पत्र: काका, मी कोल्हापूरची. माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे, शरीरसौष्ठव स्पर्धेची तयारी करतोय. गेले तीन महिने तो आणि त्याचा जिममधला मित्र टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घरीच बनवतात. ऑनलाइन मागवलेली पावडर, तेल, रबरी बुचाच्या बाटल्या, झाकण दाबायची पक्कड आणि सिरिंजच्या टोकाला लावायचा गोल फिल्टर, असं सगळं सामान आमच्या वरच्या खोलीत आहे. मी रागावले की म्हणतो, "ताई, ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर आहे. कंपनीतही हाच वापरतात. शंभर टक्के स्टराइल." बारा दिवसांपूर्वी त्यानं उजव्या कुल्ल्यावर टोचून घेतलं, तिथं लिंबाएवढी गाठ आलीय आणि ती कमी होत नाही. आईबाबांना यातलं काही माहीत नाही. तो माझं ऐकून हे थांबवणार नाही. मग निदान त्याच्या सुया-बाटल्या मी कुकरमध्ये नीट उकळून देऊ का?

उत्तर: ताई, तुमचा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे, पण मी गाठीपासून सुरुवात करतो. ती गाठ आधी डॉक्टरांना दाखवायची. बाकीचं पत्र त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

तेलाचं इंजेक्शन स्नायूत दिल्यावर दोन-तीन दिवस दुखणं, थोडं कडक लागणं हे होतं. बारा दिवसांनंतरही लिंबाएवढी गाठ राहिली, तर आत पू झालाय का हे पाहायलाच हवं. सीपीआर या तुमच्या सरकारी रुग्णालयातली सर्जरीची ओपीडी असो किंवा तुमच्या ओळखीचे सर्जन असोत, तिथं जाऊन खरं सांगायचं: "घरी बनवलेलं तेलातलं इंजेक्शन होतं." हे वाक्य लपवलं तर डॉक्टर नेहमीच्या जंतूंचा विचार करून नेहमीचं अँटिबायोटिक देतील. घरगुती इंजेक्शनातून नेहमीचे जंतू जातात, तसेच नळाच्या पाण्यात आणि मातीत राहणारे, क्षयरोगाच्या जंतूंच्या गोतावळ्यातले काही जंतूही जातात. त्यांची गाठ कधी कधी कित्येक आठवड्यांनी वर येते, साध्या गोळ्यांना दाद देत नाही आणि उपचार महिनोन्‌महिने चालतात. म्हणून सोनोग्राफीत पू दिसला, तर तो तपासायला पाठवताना या जंतूंसाठीही कल्चर लावायचं का, एवढं डॉक्टरांना आवर्जून विचारा. धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली तेही सांगा. त्याच बॅचची एक बाटली सोबत न्या. तोवर घरात सुई टोचून पू काढायचा नाही, गाठ दाबायची नाही आणि कपाटातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्याही द्यायच्या नाहीत. त्यानं जंतू मरत नाहीत, फक्त तपासणीत सापडेनासे होतात.

आता कुकर. नाही, उकळून देऊ नका. कारण सांगतो, कारण तुमच्या प्रश्नामागची माया मला कळते.

तुमच्या आईच्या लहानपणी गावातले डॉक्टर स्टोव्हवर स्टीलच्या डबीत काचेची सिरिंज आणि सुया उकळायचे. त्या काळी तेवढंच हाताशी होतं. पण उकळत्या पाण्याचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि धनुर्वाताच्या किंवा गॅस गँगरीनच्या जंतूंचे बीजाणू त्यात तगतात. बीजाणू म्हणजे जंतूनं कठीण काळासाठी स्वतःभोवती घातलेलं चिलखत. ते स्पिरिटनंही मरत नाहीत. म्हणून कापसावर स्पिरिट घेऊन बूच पुसलं की झालं, हाही समज अर्धाच खरा. मी होतो त्या औषध कारखान्यात आम्ही ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांची दाबाखालची वाफ निदान १५ मिनिटं द्यायचो. त्याआधी आतली हवा पूर्ण काढायचो, कारण जिथं हवा अडकते तिथं वाफ पोचत नाही. घरचा कुकर तापमानात याच्या जवळपास जातो हे खरं आहे. पण बाटलीच्या पोटात हवा अडकली होती का, तिथं खरोखर किती अंश झाले, किती वेळ टिकले, हे सांगणारं त्यात काहीच नसतं. पुढं कुकर थंड होताना बाटल्या खोलीतली हवा आत ओढून घेतात. ओल्या बाटल्या तुम्ही कुठल्या तरी फडक्यावर पालथ्या घालाल आणि जे काही मारलं होतं ते फडक्यावरून पुन्हा आत जाईल. तेल भरलेली बाटली ठेवाल, तर तेलात वाफ शिरत नाही, म्हणजे तो उपाय तिथंच संपला. प्लास्टिकची सिरिंज तर वाकडी होईल. ती पाकिटात निर्जंतुक करून येते, एकदा वापरायची आणि टाकायची.

आणि एवढं सगळं जमलं असं धरलं, तरी मेलेल्या जंतूंचं काय? काही जंतूंच्या कवचातला एक पदार्थ त्यांच्या मरणानंतरही विषारी राहतो. त्याला एंडोटॉक्सिन म्हणतात. १९२३ मध्ये अमेरिकेत फ्लोरेन्स सीबर्ट या बाईंनी दाखवून दिलं, की इंजेक्शननंतर येणारा थंडीताप अनेकदा औषधाचा नसतो, ते ज्या पाण्यात बनवलं त्या पाण्यातल्या जंतूंच्या अवशेषांचा असतो. उकळून हे जात नाही, ऑटोक्लेव्हनंही पुरतं जात नाही. काचेची बाटली २५० अंशांच्या कोरड्या उष्णतेत अर्धा तास ठेवावी लागते. आणि भावाच्या फिल्टरमधून तर ते सरळ निघून जातं, कारण त्याचे कण जंतूपेक्षा कितीतरी लहान असतात.

तर त्या फिल्टरबद्दल. मी ३१ वर्षं औषध कारखान्यात इंजेक्शनच्या विभागात काढली आणि त्यातली निम्मी फिल्टरांच्या संगतीत. "कंपनीतही हाच वापरतात" हे भावाचं वाक्य खोटं नाही, म्हणूनच ते धोक्याचं आहे. एके काळी ०.४५ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक भोकांचा, फिल्टर निर्जंतुकीकरणाला पुरेसा मानत. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या औषध प्रशासनातल्या फ्रान्सेस बोमन यांना त्यातून पार होणारा एक बारका जंतू सापडला, आणि मग जगानं ०.२२ ची चाळण धरली. आज फिल्टर बनवणारा त्याच जंतूवर परीक्षा घेतो: पडद्याच्या दर चौरस सेंटिमीटरवर एक कोटी जंतू सोडायचे आणि पलीकडे एकही निघता कामा नये. ही परीक्षा पास झालेला फिल्टर, निर्जंतुक केलेला, एकेकट्या सीलबंद पाकिटातला, ही एक वस्तू. प्रयोगशाळेत यंत्रात घालण्याआधी नमुना गाळायला वापरतात तो, शंभरांच्या डबीत सुटा येणारा फिल्टर, ही वेगळी वस्तू. दोन्ही दिसायला जुळी भावंडं, दोन्हींवर ०.२२ लिहिलेलं. तुमच्या वरच्या खोलीत कुठला आहे, हे पाकीट वाचून पाहा.

समजा चांगला आहे. आम्ही कारखान्यात चांगला फिल्टरसुद्धा शब्दावर विकत घेत नसू. औषध गाळून झालं की तोच फिल्टर ओला करून त्यातून हवेचा दाब वाढवत जायचो. पडदा धड असेल तर ठरलेल्या दाबापर्यंत बुडबुडा येत नाही. त्याआधी बुडबुडा आला, की फिल्टर कुठंतरी फाटलाय आणि पूर्ण बॅच बाद. याला बबल पॉइंट म्हणतात. ती परीक्षा झाल्याशिवाय "गाळलं" हा शब्दच आमच्या तोंडी यायचा नाही. आता भावाची पद्धत डोळ्यांसमोर आणा. तेल घट्ट, फिल्टरचं तोंड बारीक, म्हणून तो अंगठ्यानं जोर लावतो. सिरिंज जितकी बारीक, तितका त्याच अंगठ्याचा दाब पडद्यावर जास्त पडतो. मध्येच कधीतरी "आता जरा सोपं जातंय" असं वाटतं. ते सोपं जाणं म्हणजे बऱ्याचदा पडदा फाटलेला असतो. शिवाय अशा तेलांत जी विरघळवणारी द्रव्यं घालतात, ती काही जातींच्या पडद्यांना आणि त्यांच्या प्लास्टिकला खातात. बाटलीत मात्र सोनेरी, स्वच्छ तेल उतरतं. डोळ्यांना काहीच दिसत नाही, कारण मिलिलिटरमागे लाखभर जंतू असले तरी द्रव नितळ दिसू शकतो.

त्यात एक रासायनिक संरक्षक घातलेला असतो, म्हणून चिंता नको, असंही तो म्हणत असेल. संरक्षकाचं काम एवढंच, की चुकून आत गेलेले थोडे जंतू वाढू नयेत. घाण सामान शुद्ध करणं हे त्याचं काम नाही, आणि बीजाणूंपुढं त्याचं फार चालत नाही.

पण मला खरी भीती फिल्टरच्या पलीकडची आहे. फिल्टर जे थांबवतो ते त्याच्या अलीकडचं. पलीकडं जी सुई आहे, जी बाटली आहे, जे बूच आहे, बूच उचलणारा जो चिमटा आहे आणि या सगळ्यावर वाकून श्वास घेणारा जो माणूस आहे, त्यांना फिल्टर काही करत नाही. इथं मला आपल्या परळची एक गोष्ट सांगायची आहे. आमच्या विभागात नवा मुलगा आला की पहिल्या दिवशी मी त्याला ती सांगायचो.

प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली. ती परळच्या प्रयोगशाळेत बनायची आणि देशभर जायची. त्याच संस्थेला आज हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना ती लस टोचली. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते एकोणीसच्या एकोणीस दगावले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली होती, बाटली क्रमांक ५३-एन. चौकशी समितीनं ठपका परळवर ठेवला, की लस मुंबईतच दूषित झाली. हाफकिन यांना पद सोडावं लागलं. पण कागद नीट वाचणाऱ्यांना वेगळंच दिसलं: बाटली उघडण्याआधी तिथल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता त्यानंच बाटलीचं बूच काढलं होतं. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर नामांकित शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये हाफकिन यांच्या बाजूनं पत्र लिहिलं, तेव्हा कुठं त्यांच्यावरचा डाग पुसला गेला. परळची सगळी मेहनत एका पडलेल्या चिमट्यानं मातीत मिळवली, आणि १९ माणसं गेली. मी त्या नव्या मुलाला सांगायचो, तुझ्या हातातला चिमटा खाली पडला तर मला ओरडून सांग, मी रागावणार नाही. लपवलास तर मात्र रागावेन.

आमच्याकडं स्वतःलाच पकडायची एक परीक्षा असायची, मीडिया फिल. औषधाऐवजी जंतूंना पोषक असं द्रव्य बाटल्यांत भरायचं, सगळं नेहमीसारखंच करायचं, आणि त्या बाटल्या १४ दिवस उबवून पाहायच्या. एका वर्षी पाच हजारांवर बाटल्यांतली एक गढूळ झाली. आम्ही मिनिटामिनिटाचा हिशेब काढला. भरणीच्या वेळी एक बाटली आडवी पडली होती आणि ती सरळ करायला एका चांगल्या, अनुभवी मुलानं उघड्या बाटल्यांवरून हात नेला होता. दोन सेकंद. डोक्यापासून पायापर्यंत निर्जंतुक पोशाख, दोन जोड हातमोजे, वरून गाळलेल्या हवेचा अखंड झोत, आणि तरीही. तीन आठवडे ती लाइन बंद होती. तुमच्या वरच्या खोलीत पंखा आहे, पडदे आहेत, रस्त्याकडं खिडकी आहे आणि दोन तरुण गप्पा मारत काम करतायत.

भाऊ म्हणेल, आतापर्यंत वीस वेळा घेतलं, काही झालं नाही. त्याला हे गणित सांगा. शंभर बाटल्यांत एक दूषित आहे असं धरा. त्यांतल्या वीस तपासल्या, तरी वीसही चांगल्या निघण्याची शक्यता शंभरात ८०. म्हणजे वीस वेळा निभावलं यावरून एकविसाव्या वेळेबद्दल फारसं काही कळत नाही. म्हणूनच कारखान्यात आम्ही शेवटच्या तपासणीवर कधी विसंबलो नाही. निर्जंतुकता प्रत्येक पायरीवर सांभाळायची असते. ती शेवटी चिकटवता येत नाही आणि बाटलीकडं पाहून ओळखताही येत नाही.

मोठमोठ्यांचं इथं चुकलंय. अमेरिकेत २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटरनं बनवलेल्या स्टिरॉइडच्या बाटल्यांत बुरशी गेली. ती पाठीच्या कण्यात दिलेली इंजेक्शनं होती. ७५० हून अधिक लोक आजारी पडले, ६० हून अधिक मेले. तिथं परवाना होता, शिकलेले फार्मासिस्ट होते, स्वच्छ खोल्या होत्या.

पावडरबद्दल थोडक्यात, कारण फिल्टरच्या चर्चेत ती विसरली जाते. पुडीवर जे नाव आहे तेच आत आहे हे कशावरून? १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन म्हणून दिलेल्या औषधात डायइथिलिन ग्लायकॉल निघालं आणि १४ रुग्ण गेले. ते पोटात घेण्याचं औषध होतं, निर्जंतुकतेचा प्रश्नच नव्हता. फिल्टर जंतू अडवतो. तेलात विरघळलेलं विष, शिसं, चुकीचं संप्रेरक किंवा चुकीची मात्रा तो अडवत नाही.

आता भावाशी बोलायचं कसं. तुम्ही रागावलात आणि तो फिल्टर दाखवून मोकळा झाला, कारण फिल्टर हे त्याचं उत्तर तयार होतं. मला तुमच्या पत्रातून तो बेफिकीर मुलगा वाटत नाही. बेफिकीर असता तर त्यानं फिल्टर आणलाच नसता. त्याला काळजी घ्यायची आहे, आणि घेतली असं त्याला मनापासून वाटतंय. तिथूनच सुरुवात करा. त्याच्या शेजारी बसून विचारा, "गाळून झाल्यावर पडदा शाबूत होता हे तू कसं तपासलंस? बुचं कशी निर्जंतुक केलीस? बाटल्या कुठल्या पाण्यानं धुतल्यास?" त्याला उत्तरं देऊ द्या, मध्ये बोलू नका. हुशार माणसाला स्वतःच्या उत्तरातली भोकं स्वतःलाच दिसतात, आणि ती ताईनं दाखवण्यापेक्षा तशी दिसलेली बरी.

तो लगेच सगळं सोडेल असं मी म्हणत नाही. पण तीन गोष्टींवर मात्र अडून बसा. एक, ही बॅच संपली. पुन्हा गाळून, पुन्हा तापवून ती वाचवता येणार नाही. दोन, मित्राला आजच फोन. त्यानंही याच बाटल्यांतून घेतलंय आणि त्याच्या अंगात काय चाललंय ते आपल्याला माहीत नाही. तीन, बाटली, सुई, सिरिंज यांतलं काहीही दोघांत वाटून घ्यायचं नाही. आजवर घेतलं असेल तर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या तिन्ही तपासण्या दोघांनीही करायच्या. जिममधल्या आणखी कुणाला बाटल्या विकायचा विचार त्यांच्या मनात असेल, तर विनापरवाना औषध बनवून विकणं हा १९४० च्या औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायद्याखाली गुन्हा आहे, हेही स्पष्ट सांगा.

आणखी एक, जे ताई म्हणून तुम्हालाच आधी जाणवेल. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळायला लागलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. अचानक बंद केलं की काही मुलं आठवडेच्या आठवडे थकलेली, चिडचिडी, उदास राहतात. काहींची उदासी फार खोल जाते. तो खोलीत कोंडून घेऊ लागला तर "बरं झालं, सुटला" असं समजून त्याला एकटा सोडू नका. गाठीचं मार्गी लागलं की त्याला अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाकडं न्या, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टकडं. थांबणं कसं करायचं आणि रक्ताच्या कुठल्या तपासण्या लागतील हे ते ठरवतील. डॉक्टर पोलिसांत देतील ही भीती त्याच्या मनात असते. तपासणीच्या खोलीत त्यांना फक्त रुग्ण दिसतो, हे त्याला सांगा.

आईबाबांना कधी सांगायचं? माझ्या मते डॉक्टरकडून आल्यावर, त्यानं स्वतः, तुम्ही शेजारी बसलेल्या असताना. पण ऑपरेशन किंवा भरती व्हायची वेळ आली तर त्याच्या परवानगीची वाट पाहू नका.

उरलेल्या बाटल्या मोरीत ओतू नका. एक डॉक्टरांसाठी बाजूला ठेवा, बाकीच्या आणि वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत घालून झाकण चिकटपट्टीनं बंद करा आणि दवाखान्यातच विचारून तिथं द्या. कचरा गोळा करणाऱ्या बाईच्या हाताला त्या लागू नयेत.

आणि ओपीडीचा वार कुठला ते पाहत बसण्याआधी आज संध्याकाळी त्याचा ताप मोजा. थंडी वाजून ताप असेल, लाली गाठीभोवती पसरत असेल, दिसतं त्यापेक्षा दुखणं फार जास्त असेल, कातडीखाली दाबल्यावर कुरकुर लागत असेल, कातडी काळी-जांभळी दिसत असेल किंवा जबडा आखडल्यासारखा वाटत असेल, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. रात्री कितीही वाजले असोत, रिक्षा करा आणि थेट अपघात विभागात जा.